मागचा अ‍ॅक्सल बदलायचाय? आधी टायर ठरवा

ग्राहकांसाठी माहितीपत्रक

पावसाळा तोंडावर आला की तुर्भे एमआयडीसीतल्या आमच्या वर्कशॉपमध्ये रानात गाडी नेणाऱ्यांचा एक प्रश्न हमखास येतो: "मागे जाड अ‍ॅक्सल टाकून द्याल का?" देऊ. पण आधी आम्ही उलट विचारतो, टायर कुठला लावणार? कित्येकांना त्याचं उत्तर ठरल्यावर अ‍ॅक्सल बदलावाच लागत नाही. धंद्याला हे परवडत नाही, पण खरं तेच आहे.

245/75 आर 16 हे माप घ्या. टायरची उंची साधारण 774 मिमी, म्हणजे साडेतीस इंच. त्या जागी 35 इंची टायर चढवला की उंची होते 889 मिमी, जवळपास 15 टक्के जास्त. चाक फिरवायला शाफ्टला (अ‍ॅक्सलच्या आतला, चाक फिरवणारा दांडा) तेवढा जादा जोर लावावा लागतो आणि 3.73 चा क्राऊन-पिनियन, म्हणजे अ‍ॅक्सलमधली दात्यांची जोडी, 3.25 असल्यासारखा वागतो. मुरबाडहून माळशेज चढताना गाडी मेल्यासारखी वाटते ती यामुळे. मीटरवर 80 दिसतात तेव्हा गाडी 92 ने पळत असते, हे वेगळंच. मूळची ओढ परत हवी तर 43 आणि 10 दात्यांची, म्हणजे 4.30 ची जोडी लागते. गाडी फोर-व्हील असेल तर पुढच्या अ‍ॅक्सललाही तीच. पुढचं-मागचं गुणोत्तर वेगळं ठेवून फोर-व्हील लावलंत तर दोन्ही अ‍ॅक्सल एकमेकांशी भांडतात आणि कोरड्या रस्त्यावर काहीतरी तुटतंच. "आत्ता मागचा करा, पुढचा दिवाळीनंतर बघू" असं सांगणाऱ्यांना आम्ही सरळ नाही म्हणतो.

आता शाफ्ट तुटतो का, ते बघू. समजा इंजिनाचा टॉर्क 300 न्यूटन-मीटर आहे. पहिला गिअर 4 चा, लो रेंज (फोर-व्हीलचा जादा जोराचा, कमी वेगाचा गिअर) 2.5 ची आणि क्राऊन-पिनियन 3.73 चा धरला तर कागदावर मागच्या अ‍ॅक्सलकडे 11,000 च्या वर न्यूटन-मीटर येतात. एरवी एवढा जोर पोचतच नाही, कारण त्याआधी टायर घसरतो. चिखलात म्हणूनच शाफ्ट सहसा वाचतो. पण एक चाक हवेत, दुसरं दोन दगडांत अडकलेलं, लॉकर (दोन्ही चाकं एकत्र फिरायला लावणारी कळ) लावलेला आणि ड्रायव्हर ॲक्सिलरेटर सोडत नाही, अशा वेळी सगळा जोर एकाच शाफ्टवर येतो. त्यातही उडतं चाक गरागरा फिरत असताना एकदम जमिनीला लागलं, तो झटका सगळ्यात वाईट.

जाड शाफ्ट घेताना एक हिशोब लक्षात ठेवा. पीळ सोसायची ताकद जाडीच्या घनाप्रमाणे वाढते. डाना 44 या अ‍ॅक्सलच्या 30 स्प्लाइनच्या (टोकावरच्या खाचांच्या) शाफ्टची जाडी साधारण 33 मिमी, त्याहून मोठ्या डाना 60 च्या 35 स्प्लाइनवाल्याची 38. फरक फक्त 5 मिमीचा, ताकद मात्र दीडपट, अर्थात पोलाद सारखं असेल तर. पण मोठ्या अ‍ॅक्सलचा गोळाही (क्राऊन-पिनियन बसतो तो मधला फुगीर भाग) मोठा असतो आणि खाली लोंबतो. 35 इंची टायरने मिळवलेल्या 57 मिमी उंचीतली काही तिथेच जाते. शिवाय मागचं सगळं भक्कम केलं की त्यानंतरची कमजोर कडी शोधली जाते, बहुतेक वेळा प्रोपेलर शाफ्टचा (गिअरबॉक्सकडून अ‍ॅक्सलकडे जोर नेणाऱ्या दांड्याचा) क्रॉस, म्हणजे त्याचा सांधा. आमचं मत असं, की तुटायचंच असेल तर स्वस्त आणि रानात बदलता येणारी वस्तू तुटावी.

जाडीइतकाच महत्त्वाचा प्रश्न सेमी-फ्लोटिंग की फुल-फ्लोटिंग हा आहे. सेमी-फ्लोटिंगमध्ये शाफ्ट चाक फिरवतो आणि गाडीचं वजनही तोलतो. तो बाहेरच्या टोकाला तुटला तर चाकच निसटू शकतं. फुल-फ्लोटिंगमध्ये हब (चाक बसतं तो भाग) हाउसिंगच्या, म्हणजे अ‍ॅक्सलच्या बाहेरच्या नळीच्या, टोकावर स्वतःच्या बेअरिंगवर बसतो, शाफ्टच्या वाट्याला फक्त फिरवणं उरतं. तुटला तर तुकडे ओढून काढायचे, हबचं तोंड बंद करायचं आणि पुढच्या अ‍ॅक्सलवर हळूहळू घरी यायचं. पिकअपमध्ये नेहमी माल भरून रानात जात असाल तर आम्ही हाच सुचवतो. शनिवार-रविवारच्या हौसेसाठी तो महाग आणि जड पडतो.

रिमबद्दल थोडक्यात. लोखंडी रिम वाकते, ती हातोड्याने ठोकून निदान हवा धरण्याजोगी होते. अलॉय हलकी असते, पण चिरली की संपली. ऑफसेट फार बाहेर काढलात, म्हणजे चाक बाजूला फार बाहेर आलं, की दिसायला छान, पण बेअरिंग लवकर जातं. चाक बाहेर सरकवायला मध्ये घालायची चकती, म्हणजे स्पेसर, आम्ही बसवत नाही. हिलक्स आणि व्ही-क्रॉसला 6 बोल्ट, 139.7 मिमीचा पीसीडी (बोल्ट ज्या वर्तुळावर असतात त्याचा व्यास) आहे. जिम्नी, जिप्सीलाही 139.7, पण बोल्ट 5. तेव्हा "बसेल हो" या शब्दावर रिम घेऊ नका. टायरवरचा भार-क्रमांकही वाचा: 112 म्हणजे एका टायरवर 1,120 किलो, 121 म्हणजे 1,450. नट 100 किलोमीटरनंतर पुन्हा कसून घ्या.

आपल्याकडे अ‍ॅक्सल मरतो तो बहुधा पाण्याने. तापलेला गोळा थंड पाण्यात बुडाला की आतली हवा आकसते आणि ब्रीदर (हवा आत-बाहेर जायची वाट) किंवा सीलमधून पाणी आत ओढलं जातं. ऑइल दुधाळ चहासारखं दिसलं तर त्याच दिवशी बदला. ब्रीदरला नळी जोडून वर नेण्याचं काम तासाभराचं आहे आणि कुठल्याही जाड शाफ्टपेक्षा स्वस्त. खाडीकाठच्या चिखलातून आलात तर ब्रेक आणि हाउसिंग गोड्या पाण्याने धुवा.

कागदपत्रांचं काय, तर मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 नुसार, आरसीवरच्या नोंदी मूळ कंपनीच्या मापांपासून वेगळ्या पडतील असा बदल करता येत नाही. गाडी एमएच-04 असो की एमएच-43, काम सुरू करण्याआधी आरटीओत आणि विमा कंपनीकडे लेखी विचारा. खासगी जागेत चालवायची, ट्रेलरवरून न्यायची गाडी असेल तर तसं आम्हाला आधीच सांगा.

येताना आरसी, सध्याच्या टायरवरच्या आकड्यांचा फोटो आणि वजनकाट्याची पावती आणा. वजन रिकाम्या गाडीचं नको. तंबू, विंच, पाण्याचे कॅन, माणसं, सगळं भरून केलेलं हवं.