कोल्हापुरात पूर्वजांचा माग : दप्तरं आणि ती उलगडणारी पुस्तकं

2023 मध्ये न्या. संदीप शिंदे समिती नेमली गेली आणि कुणबी नोंदींसाठी गावोगावच्या जुन्या दप्तरांचे रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, सुटले. नक्कल हाती येते, पण ती मोडी लिपीत, म्हणून वाचताना अडतं. त्यासाठी जी पुस्तकं लागतात, ती वंशावळीसाठी कुणी केलेली नाहीत. सारा, इनाम आणि तारखा यांच्या गरजेतून ती आली.

पुण्याच्या दप्तरात इनामदार घराण्यांच्या वंशावळी मिळतात, त्या बऱ्याचशा इनाम चौकशीमुळे. 1852 च्या कायद्याने हक्क पिढीगणिक सिद्ध करावा लागला, म्हणून कैफियतीत, म्हणजे हक्कदाराच्या लेखी निवेदनात, घराण्याच्या पिढ्या नोंदल्या गेल्या. पण तो कायदा ब्रिटिश मुलखापुरता. कोल्हापूर 1 मार्च 1949 ला विलीन होईपर्यंत संस्थानचं दप्तर वेगळं होतं. त्यामुळे पन्हाळा-भुदरगडकडच्या माणसाने पुण्याची गाडी धरण्याआधी कोल्हापूरचं पुराभिलेखागार गाठावं. चंदगडकरांचं उलट : तालुका ब्रिटिश मुलखातला, 1956 पर्यंत बेळगाव जिल्ह्यात होता. कुरुंदवाड हे पटवर्धनांचं वेगळं संस्थान. कागल, बावडा, विशाळगड, इचलकरंजी या कोल्हापूरच्या जहागिरी. हा गुंता सोडवायला 1886 चा कोल्हापूर गॅझेटियर, म्हणजे मुंबई इलाख्याच्या मालिकेतला चोविसावा खंड, आधी उघडावा. त्यात पणजोबा भेटणार नाहीत. मुलूख कुणाचा होता ते कळेल.

खरी गंमत तारखांची. कागदावर 'सन सबा सबैन मया व अलफ' असतं. आधी एकं, मग दहं : 7, 70, 100, 1000, म्हणजे सुहूर सन 1177. सुहूर ही मराठी दप्तरांतली, अरबी आकड्यांनी लिहिली जाणारी कालगणना. सरसकट 600 मिळवून मोकळे होणारे इथेच फसतात. हे वर्ष मृगाला, जूनच्या सुरुवातीला बदलतं. म्हणून जून ते डिसेंबर 599 आणि त्यापुढे 600 मिळवायचे. आपला कागद 1776-77 चा. पुढे 'छ 5 जिल्काद' असेल तर तो हिजरी महिन्यातला पाचवा चंद्र. ती तिथीही नव्हे आणि इंग्रजी तारीखही नव्हे. ते जुळवायला जंत्री, म्हणजे वेगवेगळ्या कालगणनांच्या तारखांचा मेळ दाखवणारं कोष्टक, लागते. 1728 पासून पुढची जंत्री केली राजाराम कॉलेजातल्या बाळाजी प्रभाकर मोडकांनी. त्याआधीच्या, 1629 पासूनच्या काळाला खरे जंत्री.

शब्दांसाठी मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश (दुसरी आवृत्ती 1857) आणि फारसीसाठी माधव जूलियनांचा फार्सी-मराठी कोश पुरतो. मोडीत ऱ्हस्व-दीर्घ पाळलेलं नसतं, शब्दही तोडलेले नसतात. 'मल्हारीबिनसुभाना' असं सलग दिसलं की 'बिन' म्हणजे चा मुलगा. 'कोम' असेल तर बायको. आडनाव बहुधा नसतंच, म्हणून एकाच गावातले दोन मल्हारी एक होऊन बसतात. बापाचं नाव आणि जमीन, दोन्ही जुळल्याशिवाय पिढी जोडू नये.

1918 मध्ये शाहू महाराजांनी कुलकर्णी वतन मोडून पगारी तलाठी नेमले. त्याआधीचा गावकागद सरकारी कचेरीत नसेल, तर जुन्या कुलकर्ण्याच्या वाड्यावर चौकशी करण्यात चूक नाही.

अलीकडच्या पिढ्यांना सातबारा. नावापुढे 'ए.कु.मॅ.' दिसलं तर तो एकत्र कुटुंबाचा मॅनेजर, बहुधा थोरला. धाकटे भाऊ तिथे नसतात. नावाजवळच्या वर्तुळातला आकडा फेरफाराचा, म्हणजे हक्क बदलल्याच्या नोंदीचा. तो वारसाचा फेरफार असेल तर त्याची नक्कल काढा : मयताचं नाव, मृत्यूची तारीख आणि वारस एका जागी मिळतात. बहिणींची नावं मात्र कित्येकदा 'इतर हक्क' या रकान्यात ढकललेली असतात, तोही वाचावा.