तेलकट पणती आणि नॅनोकणांची पाचर

गेल्या दिवाळीची पणती माळ्यावरून काढून तिच्यावर पाण्याचा थेंब टाकून बघा. थेंब मोत्यासारखा वरच बसतो. कोरी पणती तोच थेंब चटकन पिऊन टाकते. माती तीच, फक्त एकीत तेल मुरलेलं.

खनिज तेलाची जमिनीखाली तळी असतात, असं पुष्कळांना वाटतं. प्रत्यक्षात ते खडकाच्या छिद्रांत मुरलेलं असतं. मुंबईपासून सुमारे 160 किलोमीटरवर समुद्रात ‘सागर सम्राट’ या तेलविहिरी खोदणाऱ्या फलाटाला 1974 मध्ये तेल लागलं, तेही अशाच चुनखडकात. आधी साठ्यातल्या दाबानंच तेल वर येतं; दाब उतरला की खाली पाणी सोडून ते रेटावं लागतं. तरी जगातल्या बहुतेक साठ्यांत निम्म्याहून जास्त तेल खालीच राहतं. कारण चुनखडक बऱ्याचदा जुन्या पणतीसारखा झालेला असतो. कच्च्या तेलातली आम्लं आणि डांबरासारखे जड घटक त्याला लाखो वर्षं चिकटलेले. पाणी मधून निघून जातं, तेल भिंत सोडत नाही.

खाली सोडायच्या पाण्यात मिसळलेल्या नॅनोकणांचं, म्हणजे अतिसूक्ष्म कणांचं, काम इथे. सिलिकाचा, म्हणजे वाळूतल्याच पदार्थाचा, 10 नॅनोमीटरचा कण 10 मायक्रॉनच्या छिद्रातून जातो तो दोन मीटर उंच दारातून मोहरीचा दाणा जावा तसा. तेलाचा थेंब खडकाला टेकतो तिथे कडेला अरुंद सांद असते. कण तिच्यात दाटीवाटीनं शिरतात, मागचे पुढच्यांना रेटतात आणि पाण्याचा पातळ थर तेलाखाली सरकू लागतो. ओंडका फोडताना पाचर ठोकतात, तसंच. सांदीतली ही रांग शिकागोच्या वसान आणि निकोलोव या संशोधकांनी 2003 मध्ये सूक्ष्मदर्शकातून दाखवली. त्यासाठी त्यांनी मायक्रॉनभर मोठे लॅटेक्सचे कण घेतले होते. नॅनोकण तिथे दिसलेच नसते. शिवाय काही कण खडकावर बसून त्याला पुन्हा पाण्याची ओढ लावतात. पाचर जास्त कामाची की हा लेप, यावर संशोधकांचं अजून एकमत नाही.

घोळ होतो तो मिठानं. सिलिकाच्या कणांवर ऋण भार असतो, म्हणून ते एकमेकांपासून फटकून राहतात. खाऱ्या पाण्यात, त्यातही कॅल्शियम असलं की, तो भार झाकला जातो. मग लिंबू पिळलेलं दूध नासावं तशा गुठळ्या होतात आणि जी छिद्रं मोकळी करायची, तीच तुंबतात. उपाय म्हणून कणांना पॉलिमरचं अस्तर देतात.

प्रयोगशाळेत बोटभर लांबीच्या खडकाच्या नळकांड्यातून जादा तेल निघतं, हे अनेकदा दिसलंय. पण शेताएवढं पीक कुंडीत मोजता येत नाही. शंभर लिटर पाण्याला 50 ग्रॅम कण धरा. रोज एक लाख बॅरल पाणी सोडणाऱ्या तेलक्षेत्राला दिवसाला आठ टन कण लागतील, आणि त्यातले बरेचसे तेलापर्यंत पोचायच्या आधीच वाटेतल्या खडकाला चिकटून बसतील.