साडेआठचा पाऊस दुसऱ्याच्या गच्चीवर

२६ जुलै २००५ म्हटलं की सांताक्रूझचा ९४४ मिलिमीटर हा आकडा आठवतो. पण तो मध्यरात्र ते मध्यरात्र मोजलेला नाही. भारतीय हवामान विभागाचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठला संपतो, म्हणजे तो पाऊस २६च्या साडेआठपासून २७च्या साडेआठपर्यंतचा.

माझ्या गच्चीवरचं हवामान केंद्र 'वीडब्ल्यूएक्स'वर चालतं. हे पायथनमध्ये लिहिलेलं मुक्त सॉफ्टवेअर रास्पबेरी पायसारख्या तळहाताएवढ्या संगणकावरही चालतं. त्याचा दिवस मात्र मध्यरात्री सुरू होतो, त्यामुळे माझा आकडा पेपरातल्या आकड्याशी कधी जुळायचा नाही. म्हणून साडेआठ ते साडेआठ बेरीज करणारं एक छोटं एक्स्टेन्शन, म्हणजे मूळ सॉफ्टवेअरला जोडायचा जादा कोड, लिहिलं. त्यातली खोच अशी, की दर पाच मिनिटांच्या नोंदीवर ती पाच मिनिटं संपल्याची वेळ असते. ८:३०ची नोंद ही ८:२५ नंतरच्या पावसाची, म्हणून ती कालच्या खात्यात जाते.

रत्नागिरीच्या मित्राने ते मागितलं. नुसती फाइल पाठवून भागेना, कारण कॉन्फिगरेशनच्या फाइलमध्ये हाताने ओळी घालाव्या लागतात आणि एक शब्द चुकला तर सगळं अडतं. यासाठी वीडब्ल्यूएक्समध्ये छान सोय आहे. झिपमध्ये आपल्या कोडसोबत 'इन्स्टॉल' नावाची एक पायथन फाइल ठेवायची. एक्स्टेन्शनचं नाव, आवृत्ती, कुठली फाइल कुठे जाईल, कुठल्या सेवेला जोडायचं, कोणती सेटिंग्ज घालायची, हे सगळं तिच्यात लिहायचं. मग एका कमांडने ते बसतं आणि एका कमांडने निघतं. कोड 'यूझर' फोल्डरमध्ये जातो आणि मूळ सॉफ्टवेअर अपडेट केलं तरी त्याला धक्का लागत नाही.

बसलं झटक्यात, पण ६५ मिलिमीटरच्या जागी त्याला ६.५ दिसले! वीडब्ल्यूएक्समध्ये एककांच्या तीन पद्धती आहेत. एक अमेरिकी इंचांची. उरलेल्या दोन्ही मेट्रिक, पण एकीत पाऊस सेंटिमीटरमध्ये आणि दुसरीत मिलिमीटरमध्ये. आपली पद्धत कोणती, हे प्रत्येक नोंद स्वतःच सांगते. मी ते कधी वाचलंच नव्हतं, कारण माझ्या घरी गरजच पडली नव्हती. आता बेरजेआधी रूपांतर होतं. नोंदींमधलं अंतरही पाच मिनिटं धरून न चालता नोंदीतूनच वाचलं जातं.

परवान्याची फाइलही घातली. ती नसेल तर कोड सगळ्यांना दिसतो, पण तो वापरायचा नि वाटायचा हक्क कायद्याने कुणाला मिळत नाही. वीडब्ल्यूएक्स जीपीएल या मुक्त सॉफ्टवेअरच्या परवान्याच्या तिसऱ्या आवृत्तीखाली आहे. मीही तोच परवाना लावला.

सगळ्यात जास्त वेळ मात्र रिकाम्या नोंदींनी खाल्ला. सेन्सरची बॅटरी संपली की पावसाचा रकाना रिकामा येतो. रिकामा म्हणजे शून्य नव्हे. शून्य म्हणजे पाऊस पडला नाही. रिकामा म्हणजे आपल्याला माहीत नाही. दोन्ही एकत्र केले तर भर पावसातला दिवस कोरडा दिसू शकतो. म्हणून आता बेरजेखाली आणखी एक ओळ येते: '२८८पैकी २८१ नोंदी मिळाल्या.'