संग्राह्य जपानी मोटारसायकली

जपानी कारखान्यांतून बाहेर पडलेल्या, उत्पादन केव्हाच थांबलेल्या आणि हौशी मंडळी मूळ किमतीच्या अनेक पट पैसे मोजून विकत घेतात अशा मोटारसायकलींचा हा वर्ग. जपानमध्ये अशा गाडीला नुसते ‘क्यूशा’, म्हणजे जुनी गाडी, म्हणतात. होंडा, यामाहा, सुझुकी आणि कावासाकी या चौघांच्या १९६० ते २००० या काळातल्या गाड्यांनाच मुख्य मागणी असते. १९५०च्या दशकात जपानमध्ये शंभराहून अधिक उत्पादक होते. त्यांतल्या मेगुरो, लायलॅक, तोहात्सू यांच्या गाड्या कितीतरी विरळ आहेत, पण त्यांच्या मागे धावणारेही तितकेच विरळ. नुसत्या दुर्मिळतेला किंमत येत नाही. तरुणपणी जी गाडी परवडली नाही तिलाच पन्नाशीत गिऱ्हाईक मिळते.

यातल्या बहुतेक गाड्या हजारोंनी, काही तर लाखोंनी बनल्या आणि वापरून भंगारात गेल्या. त्यामुळे मॉडेल सहसा दुर्मिळ नसते. कारखान्यातून निघाला तसा राहिलेला नग मात्र हाताच्या बोटांवर मोजावा लागतो.

होंडा सीबी ७५०

याचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे १९६८च्या तोक्यो प्रदर्शनात दाखवलेली आणि १९६९मध्ये विक्रीला आलेली सीबी ७५०. ७३६ सीसीचे चार सिलिंडरचे इंजिन, पुढच्या चाकाला डिस्क ब्रेक, बटण दाबताच चालू होणारी गाडी आणि अमेरिकेतली किंमत १,४९५ डॉलर. इतकी मोठी गाडी किती खपेल याची खुद्द होंडालाच खात्री नव्हती. त्यामुळे महागड्या डायकास्टिंगच्या (वितळलेला धातू दाबाने भरण्याच्या) साच्यांवर पैसा न घालता सुरुवातीचे क्रँककेस, म्हणजे इंजिनाचे खालचे कवच, साध्या साच्यांत ओतले गेले. त्यांचा पृष्ठभाग खरबरीत राहिला, म्हणून लोकांनी या गाड्यांना ‘सँडकास्ट’ म्हणायला सुरुवात केली. वाळूच्या साच्याशी त्यांचा काही संबंध नाही, पण नाव चिकटले ते चिकटलेच. मागणीचा लोंढा आल्यावर होंडाने डायकास्टिंग सुरू केले. तोवर अशा ७,४१४ गाड्या झाल्या होत्या.

त्यांतल्याही अनेक वाचल्या नाहीत. सुरुवातीच्या गाड्यांची चेन तुटली की पुढच्या स्प्रॉकेटपाशी (चेन ओढणाऱ्या दातेरी चाकापाशी) गोळा होऊन क्रँककेसच फोडायची, आणि बदली म्हणून नवा डायकास्ट क्रँककेस बसायचा. म्हणून आज सँडकास्ट म्हणून विकायला ठेवलेल्या गाडीत आधी क्रँककेसवर हात फिरवून पाहतात. मागे बदकाच्या शेपटीसारखी उचललेली सीट आणि ॲक्सिलरेटरच्या मुठीकडून चार कार्बोरेटरांकडे जाणाऱ्या चार वेगळ्या केबली याही तपासतात. अगदी पहिल्या सायलेन्सरांवर पुढे आलेला ‘एचएम ३००’ हा ठसा नसतो, त्यामुळे इथे ठसा नसणे हीच अस्सलपणाची खूण ठरते. ब्रिटिश गाड्यांच्या सवयीने काही जण फ्रेमचा आणि इंजिनाचा क्रमांक तंतोतंत जुळतो का ते बघतात. सीबी ७५०त तो जुळत नाही. दोन्ही क्रमांक जवळपासचे असले की पुरे. उलट तंतोतंत जुळला तर अंमळ संशय घ्यावा.

विक्री सुरू होण्याआधी बनवलेल्या मोजक्या नमुन्यांपैकी एक सीबी ७५० इंग्लंडमध्ये २०१८ साली लिलावात १,६१,००० पौंडांना गेली.

फसलेल्या गाड्या

बाजारात आपटलेल्या गाड्यांना संग्राहकांकडे मानाचे स्थान मिळते, कारण आपटल्या म्हणूनच त्या थोड्या बनल्या. सुझुकीची आरई ५ (१९७४–७६) वांकेल पद्धतीच्या रोटरी इंजिनावर (वरखाली होणाऱ्या पिस्टनऐवजी गोल फिरणारा रोटर असलेल्या) चालायची. तिचे मीटर जुजारो या इटालियन रचनाकाराने नळकांड्यासारख्या डब्यात बसवले होते आणि किल्ली फिरवली की त्याचे झाकण उघडायचे. गिऱ्हाइकांना ते रुचले नाही, आणि १९७६च्या गाडीवर साधे गोल मीटर आले. आज तोच डबा फुटलेला नसणे ही विक्रीच्या जाहिरातीतली पहिली ओळ असते.

होंडाच्या एनआर ७५०ची (१९९२) कथा शर्यतीतून सुरू होते. ५०० सीसीच्या ग्रां प्रीत चारपेक्षा जास्त सिलिंडर चालत नव्हते. टू-स्ट्रोक गाड्यांना फोर-स्ट्रोक इंजिनाने हरवायचे तर आठ सिलिंडर हवेत. मग होंडाने दोन-दोन सिलिंडर जणू एकात मिसळून लांबट पिस्टन बनवले. प्रत्येक पिस्टनला दोन कनेक्टिंग रॉड आणि वर आठ व्हॉल्व्ह! शर्यतीतल्या एनआर ५००ने एकही ग्रां प्री जिंकली नाही, पण त्या हट्टातून जन्मलेल्या रस्त्यावरच्या गाडीची किंमत पन्नास हजार डॉलरच्या घरात होती आणि ती जेमतेम तीनशेच्या आसपास बनली.

मुद्दाम थोड्या बनवलेल्या गाड्या वेगळ्या. सुपरबाइक शर्यतीत उतरायला ठराविक संख्येने तीच गाडी सर्वसामान्यांना विकावी लागे. होंडाची आरसी ३० (१९८७) आणि यामाहाची आर ७ (१९९९, फक्त ५०० नग) या त्या नियमाच्या देणग्या. आरसी ३०वर फ्रेड मर्केलने १९८८ आणि १९८९ची जागतिक सुपरबाइक स्पर्धा जिंकली, आणि तिचे भाव त्या विजयांशी कायमचे बांधले गेले.

जपानबाहेर न विकलेल्या

जपानच्या स्वतःच्या नियमांनीही अनेक दुर्मिळ गाड्या घडवल्या. १९७५पासून ४०० सीसीवरच्या गाडीसाठी वेगळा आणि फार अवघड परवाना लागू लागला. त्यामुळे ४०८ सीसीची सीबी ४०० फोर घाईघाईने ३९८ सीसीवर आणावी लागली. कंपन्यांनी आपसांत ७५० सीसीची मर्यादाही पाळली. म्हणून ९०३ सीसीची कावासाकी झेड १ घरच्या बाजारात झेड २ म्हणून ७४६ सीसीत विकली गेली, आणि जपानी संग्राहक आज झेड २लाच अधिक मान देतात. सुझुकीच्या कतानाचा किस्सा गमतीचा आहे. जपानमधल्या ७५०ला उंच हँडल होते, मालक १,१०० सीसीच्या गाडीचे बुटके हँडल बसवायचे आणि पोलीस दंड करायचे. लोकांनी पोलिसांच्या या मोहिमेला ‘कतानागारी’ म्हटले. शेतकऱ्यांच्या तलवारी जप्त करण्याच्या सोळाव्या शतकातल्या हुकुमाचे हे नाव.

१९८०–९०च्या दशकांतल्या २५० सीसी टू-स्ट्रोक गाड्या, विशेषतः होंडा एनएसआर २५० आर, अमेरिकेत अधिकृतपणे कधी आल्याच नाहीत. तिथल्या कायद्यानुसार २५ वर्षांपेक्षा जुन्या वाहनाला सुरक्षा मानकांची अट लागत नाही, म्हणून दरवर्षी एकेक मॉडेल ‘खुले’ होत गेले आणि जपानमधले भाव चढत गेले. एनएसआरच्या शेवटच्या आवृत्तीला साध्या किल्लीऐवजी इलेक्ट्रॉनिक कार्ड आहे. कार्ड हरवलेली गाडी स्वस्तात मिळते खरी, पण ते स्वस्त पुढे महागात पडते.

खरेदी-विक्री

मोठे लिलाव दर जानेवारीत लास व्हेगासला भरतात. जपानमध्ये फक्त व्यापाऱ्यांसाठी असलेल्या लिलावांत प्रत्येक गाडीला तपासनिसाचा गुणतक्ता जोडलेला असतो. बाकी व्यवहार ओळखीपाळखीवर चालतात.

मालकाने सर्वांत आधी काय फेकून दिले असेल, यावर गाडीची किंमत ठरते. झेड १चे चारही सायलेन्सर आतून गंजायचे. त्या जागी चारही नळ्या एकात जोडणारा बाजारातला पाइप बसवणे त्या काळी शहाणपणाचे वाटे, म्हणून आज मूळ चारांचा संच गाडीइतकाच जपला जातो. टाकीत टॉर्च मारून गंज पाहतात. प्लॅस्टिकच्या फेअरिंगचे (गाडीवरच्या वारा कापणाऱ्या आवरणाचे) स्क्रू लागणारे कान तुटलेत का हे बोटांनी चाचपतात. टू-स्ट्रोक गाडीत क्रँकचे सील गेले असतील तर बाहेरून कळत नाही, पण खर्च इंजिन उघडण्याचाच येतो.

कंपन्याही आता या बाजारात उतरल्या आहेत. कावासाकीने झेड १चे सिलिंडर हेड पुन्हा बनवून विकले. होंडाने २०२०मध्ये आरसी ३०चे सुटे भाग नव्याने काढून जुन्या गाड्या पूर्ववत करण्याची योजना आखली. कंपनीने आज बनवलेला भाग ‘मूळ’ मानायचा की नाही, यावर संग्राहकांत एकमत नाही.

एकही किलोमीटर न चाललेल्या गाडीला सर्वाधिक बोली लागते. टायरवरचे रबराचे बारीक केसही शाबूत असलेल्या अशा गाडीचे सील वाळलेले असतात आणि पेट्रोल कधी घातले गेले असेल तर कार्बोरेटरात राळ साचलेली असते. ती चालवायची तर इंजिन खोलावे लागेल, आणि इंजिन खोलले की ज्यासाठी पैसे मोजले ते गेले. त्यामुळे ती पुढच्या लिलावापर्यंत स्टँडवरच उभी राहते.