पार्श्वभूमी : सोहोचे ‘रिकामे’ मजले आणि कलाकार ठरवणारा दाखला

बंद पडलेली दुकाने किंवा ओस पडलेली गोदामे कलाकारांच्या हवाली करण्याची कल्पना कोठेही निघाली, की न्यूयॉर्कमधील सोहोचे उदाहरण हमखास दिले जाते. कारखाने रिकामे झाले, चित्रकार-शिल्पकार तेथे राहायला आले, त्यांनी तेथेच काम केले आणि तेथेच ते विकले, त्यातून मोडकळीस आलेला भाग सावरला, अशी ती गोष्ट सांगितली जाते. ती खोटी नाही. मात्र तिच्यातील दोन शब्द, ‘रिकामे’ आणि ‘कलाकार’, दिसतात तितके सरळ नाहीत. दुसऱ्या शब्दाची तर सरकारी व्याख्या करावी लागली आणि त्या व्याख्येचे धागेदोरे अर्ध्या शतकानंतरही सुटलेले नाहीत.

आधी ‘लॉफ्ट’विषयी थोडे. आपल्याकडे लॉफ्ट म्हणजे स्वयंपाकघराच्या दारावरचा सिमेंटचा फळा. त्यावर दिवाळीची मोठी पातेली आणि जुन्या बॅगा ठेवतात. मॅनहॅटनमधला लॉफ्ट म्हणजे कारखान्याचा अख्खा मजला, साधारण पंचवीस फूट रुंद आणि शंभर फुटांपर्यंत खोल. मध्ये भिंती नाहीत, फक्त खांबांची रांग. रस्त्याकडे उंच खिडक्या, मागे मालाची लिफ्ट आणि यंत्रांचे तेल वर्षानुवर्षे मुरून काळी पडलेली लाकडी जमीन. दहा फुटांचा कॅनव्हास भिंतीला टेकवून वीस पावले मागे सरकून पाहण्याची सोय घरासाठी बांधलेल्या खोलीत होत नाही, येथे ती होती. युद्धोत्तर अमेरिकी चित्रे एवढी मोठी का झाली, याचे एक उत्तर या मजल्यांत शोधणारे लोक आहेत, आणि ते अगदीच चुकीचे नसावेत.

हाउस्टन स्ट्रीटच्या दक्षिणेपासून कॅनॉल स्ट्रीटपर्यंतच्या या भागातील बहुतेक इमारती एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील आहेत. त्यांचे दर्शनी भाग ओतीव लोखंडाचे असून साच्यातून काढलेले ग्रीक-रोमन पद्धतीचे खांब बोल्टने जोडून उभे केलेले आहेत. ब्रॉडवे आणि ब्रूम स्ट्रीटच्या कोपऱ्यावरील १८५७ च्या इमारतीत प्रवासी लिफ्ट पहिल्यांदा व्यापारी वापरात आली. कापडाचे घाऊक व्यापारी पुढे उत्तरेकडे सरकले आणि १९५० च्या सुमारास येथे उरले ते चिंध्या आणि रद्दी दाबून गठ्ठे बांधणारे, पुठ्ठ्याची खोकी करणारे, शिवणकामाचे छोटे कारखाने चालवणारे लोक. आगी इतक्या लागत, की अग्निशमन दलात या भागाला ‘नरकातील शंभर एकर’ म्हणत.

हा भाग ‘रिकामा’ कशामुळे झाला, हे पाहताना एका न बांधलेल्या रस्त्याचा विचार करावा लागतो. ब्रूम स्ट्रीटच्या रेषेत दहा मार्गिकांचा उन्नत द्रुतगती महामार्ग बांधण्याची योजना दशकानुदशके नकाशावर होती. तो झाला असता तर सुमारे २,००० कुटुंबे आणि ८०० व्यवसाय उठले असते. १९६२ मध्ये शहराने तो फेटाळला, पण थोड्याच दिवसांत योजना पुन्हा वर आली, आणि तिला कायमची मूठमाती मिळायला १९६९ उजाडले. तोपर्यंत कोणता मालक आपल्या इमारतीत पैसा घालणार? भाडेकरू उद्योग निघून गेला की मजला तसाच राही आणि मिळेल त्या भाड्याने दिला जाई. कलाकारांना परवडणारे भाडे म्हणून जे सांगितले जाते, त्याचा मोठा भाग या टांगत्या तलवारीमुळे होता.

मजले खरोखर किती रिकामे होते, यावर तेव्हाच वाद झाला. १९६२ मध्ये एका नागरी मंडळाने या टापूला शहरातील पहिल्या क्रमांकाची व्यापारी झोपडपट्टी ठरवून तो पाडण्याची बाजू मांडली. पुढच्याच वर्षी शहराच्या नियोजन विभागासाठी झालेल्या पाहणीने नेमका उलटा निष्कर्ष काढला : येथे शेकडो छोटे उद्योग चालू आहेत, त्यांत हजारो माणसे काम करतात, त्यांतील पुष्कळ कृष्णवर्णीय आणि पोर्तो रिकोहून आलेली आहेत, आणि जुनी इमारत पाडली तर यांना दुसरीकडे हे काम मिळणार नाही. त्या अहवालातील ‘साउथ हाउस्टन’ या उल्लेखातूनच पुढे ‘सोहो’ हे नाव निघाले. म्हणजे जो अहवाल कारखाने वाचवा म्हणत होता, त्यानेच कलाकारांच्या वस्तीला नाव दिले. सोहोच्या लोकप्रिय इतिहासात या कामगारांना दोन ओळीही मिळत नाहीत.

कलाकार येथे आले तेव्हा राहणे बेकायदाच होते, कारण विभाग औद्योगिक होता. संध्याकाळी पाच वाजता आणि शनिवार-रविवारी इमारत उबदार ठेवणारी यंत्रणा बंद होई. तपासनिसाला उजेड दिसू नये म्हणून खिडक्या झाकाव्या लागत. दाराला घंटा नसल्याने पाहुण्याने खालून हाक मारायची आणि वरून मोज्यात घातलेली किल्ली फेकायची, ही रीतच होती. १९६१ मध्ये शहराने तपासण्या कडक करून लोकांना बाहेर काढायला सुरुवात केली, तेव्हा कलाकारांनी संघटना बांधून प्रदर्शनांवर बहिष्काराची धमकी दिली. त्याच वर्षअखेर महापौरांशी तडजोड झाली. इमारतीच्या दर्शनी भागावर ‘ए.आय.आर.’ म्हणजे ‘निवासी कलाकार’ अशी तीन अक्षरे आणि मजल्याचा क्रमांक लिहिलेली पाटी लावायची, म्हणजे आग लागल्यास आत माणूस झोपलेला आहे हे बंबवाल्यांना कळेल. आगीच्या खबरदारीची ही पाटी पुढे कलाकाराच्या कायदेशीर ओळखीचे पहिले रूप ठरली.

विक्रीची बाजू त्यानंतर आली. १९६८ मध्ये प्रिन्स स्ट्रीटवर या भागातील पहिली व्यावसायिक गॅलरी उघडली आणि तिचे पहिले प्रदर्शन व्हिएतनाम युद्धाच्या विरोधकांच्या मदतीसाठी होते. १९७० च्या मे महिन्यात रहिवाशांनी आपले लॉफ्ट लोकांसाठी उघडून उत्सव भरवला. येथे कोण राहते हे शहराला दाखवणे हा त्यामागचा हेतू होता. त्याच वर्षी ग्रीन स्ट्रीटवरील चिंध्यांच्या जुन्या गोदामात कलाकारांनीच चालवलेली जागा सुरू झाली, तेथे जमीन खणणे आणि भिंत फोडणे हेही प्रदर्शनात बसत असे. १९७१ मध्ये वेस्ट ब्रॉडवेवरील एकाच इमारतीत शहराच्या उच्चभ्रू भागातील नामांकित गॅलऱ्या आल्या, आणि शनिवारी दुपारी सोहोत फेरी मारणे ही संग्राहकांची सवय झाली. १९७२ मध्ये वीस स्त्री कलाकारांनी वूस्टर स्ट्रीटवर सहकारी गॅलरी काढली. तिच्या नावात त्याच पाटीवरची तीन अक्षरे होती.

इमारती विकत घेण्याचा मार्ग १९६७ पासून लिथुआनियात जन्मलेल्या एका कलाकार-संघटकाने घालून दिला. कलाकारांची सहकारी संस्था करून अख्खी इमारत घ्यायची आणि मजले वाटून घ्यायचे, ही त्याची पद्धत. कागदपत्रांची औपचारिकता त्याने जुमानली नाही. राज्याच्या महाधिवक्त्यांचे लोक मागे लागले, तेव्हा त्याने दाराला धारदार पाती बसवली आणि आपण परदेशात आहोत असे भासवण्यासाठी मित्रांकरवी जगभरातून पत्रे टाकवली. आज कोट्यवधी डॉलरना विकल्या जाणाऱ्या काही सदनिकांची मालकी-साखळी अशा माणसापासून सुरू होते.

खरा गुंता मात्र कलाकार असल्याच्या सरकारी दाखल्याचा आहे. १९६४ मध्ये राज्याने कायदा करून औद्योगिक इमारतीत राहण्याची सवलत दिली, ती मुख्यतः दृश्यकलेतील लोकांपुरती. १९६८ च्या दुरुस्तीने ती इतर कलांनाही लागू झाली. पुढे स्थिरावलेली व्याख्या अशी : चित्रकला-शिल्पकलेसारख्या ललित कलांत, नृत्यरचना आणि चित्रपटनिर्मिती यांसह प्रयोगजीवी किंवा सर्जनशील कलांत, अथवा संगीतरचनेत व्यावसायिक पातळीवर नियमितपणे गुंतलेली आणि शहराच्या सांस्कृतिक खात्याने तसे प्रमाणित केलेली व्यक्ती. शेवटच्या अटीत सगळे आले. कोण कलाकार आहे हे खाते सांगणार.

जानेवारी १९७१ मध्ये शहराने सोहोच्या विभागवार नियमांत बदल करून ‘कलाकारांचे संयुक्त निवास-कार्यस्थान’ हा नवा वापर मान्य केला. त्याची रचना बारकाईने पाहण्यासारखी आहे. विभाग औद्योगिकच राहिला. हे निवास-कार्यस्थान नियमांत उत्पादनाच्या वर्गात टाकले गेले. म्हणजे कायद्याच्या नजरेत कलाकार घरात राहणारा माणूस नव्हता, कारखान्यात झोपणारा छोटा उत्पादक होता. प्रत्येक जागा किमान १,२०० चौरस फुटांची हवी. इमारतीने व्यापलेली जमीन ५,००० चौरस फुटांपेक्षा जास्त नसावी आणि ब्रॉडवेवर ही मर्यादा ३,६०० असावी, कारण मोठ्या इमारती कारखान्यांसाठी राखायच्या होत्या. १९६३ च्या अहवालाचा धाक येथे दिसतो.

दाखल्यासाठी कलाकारांचाच भरणा असलेली समिती नेमली गेली. अर्जदाराने आपल्या कामाच्या पारदर्शिका (स्लाइड्स), कारकिर्दीचा गोषवारा आणि शिफारसपत्रे द्यायची. कामाचा दर्जा समिती जोखत नाही आणि कलेतून पोट भरते की नाही हेही पाहत नाही, असे धोरण होते. कलेशी सातत्याची बांधिलकी आहे का आणि त्यासाठी एवढी मोठी जागा खरोखर लागते का, एवढेच पाहायचे. ऐकायला हे समंजस वाटते. पण दुसऱ्या कसोटीचा परिणाम लक्षात घ्यावा. आठ फुटी शिल्पे करणारा सहज पात्र ठरे, तर टेबलावर बसून लघुचित्रे काढणाऱ्याला एवढी जागा कशाला हवी, हे पटवून द्यावे लागे. स्वतःची रचना न करता दुसऱ्याची रचना वाजवणाऱ्याचे काय, हाही प्रश्न होताच. कलेची किंमत ठरवणार नाही म्हणणाऱ्या नियमाने तिचा आकार मात्र ठरवला. माझ्या मते ही त्या निर्णयाची सर्वांत मोठी चूक होती, आणि त्याचे समर्थक ती अजूनही तपशिलाची बाब मानतात.

अंमलबजावणीचा प्रश्न वेगळाच होता. दाखला नसलेले लोक पहिल्यापासून राहत होते, आणि घरे विकली जाऊ लागली तेव्हा घेणारे वकील आणि दलाल असत. त्यावर सहकारी संस्थांनी काढलेली युक्ती म्हणजे ‘सोहो लेटर’. आपण प्रमाणित कलाकार नाही, हा धोका आपल्याला माहीत आहे आणि शहराने कारवाई केल्यास संस्था जबाबदार नाही, असे खरेदीदाराने लिहून द्यायचे. शहर बहुधा कारवाई करत नसे. नियम मोडल्याची कबुली देणारा कागद नियमित व्यवहाराचा भाग बनला.

१९७३ मध्ये लोखंडी दर्शनी भागांमुळे सोहोला ऐतिहासिक परिसराचा दर्जा मिळाला. १९८२ च्या ‘लॉफ्ट लॉ’ने शहरभरच्या बेकायदा लॉफ्टमधील भाडेकरूंना संरक्षण दिले. त्यासाठी कलाकार असणे आवश्यक नव्हते आणि सोहोतील विशेष सवलतीचे नैतिक बळ तेथेच ओसरले. गिरणगावाशी तुलना करण्याचा मोह त्याच सालामुळे होतो, पण ती फार ताणू नये. मुंबईत संपानंतरचा झगडा गिरण्यांच्या जमिनीच्या वाटणीचा होता, सोहोत तो कोणत्या माणसाने कोणत्या मजल्यावर झोपावे याचा होता.

नंतरचा काळ परिचित आहे. वस्त्रांची आणि जोड्यांची दुकाने तळमजल्यांवर आली आणि भाडी वाढली. १९६८ ची ती पहिली गॅलरी १९९६ मध्ये मॅनहॅटनमधल्याच चेल्सीत गेली. बहुतेक इतर गॅलऱ्यांनीही तीच वाट धरली. १९९२ मध्ये एका बड्या संग्रहालयाने ब्रॉडवेवर शाखा काढली. ती बंद झाली आणि २००१ च्या अखेरीस त्याच इमारतीत एका इटालियन फॅशन कंपनीचे भव्य दालन उघडले. पन्नास वर्षांपूर्वी आलेले काही कलाकार मात्र वरच्या मजल्यांवर राहत होते आणि आहेत. त्यांच्या दृष्टीने दाखला ही विनोदाची गोष्ट नव्हती. तो नसता तर ते केव्हाच बाहेर पडले असते. दाखल्याला नावे ठेवताना हे विसरून चालत नाही.

डिसेंबर २०२१ मध्ये शहराने सोहो आणि शेजारच्या नोहोच्या नियमांत पुन्हा फेरबदल करून नव्या घरबांधणीस आणि सामान्य निवासास वाट मोकळी केली. कलाकारांसाठीची जागा साध्या घरात बदलायची असल्यास चौरस फुटामागे १०० डॉलर कला-निधीत भरण्याची अट घातली गेली. हजार चौरस फुटांना लाख डॉलर, हा हिशेब लॉफ्टच्या आकाराला लावला की आकडा डोळ्यांत भरतो. ज्येष्ठ कलाकारांनी तो आपल्याला घराबाहेर काढणारा दंड मानला, दाखला नसलेल्या मालकांनी खंडणी म्हटले आणि प्रकरण न्यायालयात गेले. ज्यांनी असे रूपांतर केलेले नाही, त्यांच्या जागेच्या वापराच्या रकान्यात ‘कलाकारांचे संयुक्त निवास-कार्यस्थान’ हेच शब्द आहेत, आणि दाखल्याचे अर्ज त्या खात्याकडेच जातात.