खेड्यातील मंडळी व मिशनशाळा (अहमदनगर जिल्हा)

दूरच्या खेड्यात ख्रिस्ती उपासकांची मंडळी आणि प्राथमिक शाळा एकाच जागेत, बहुतेक वेळा एकाच माणसाच्या हातून उभी करण्याची पद्धत. महाराष्ट्रात तिचे सर्वांत स्पष्ट रूप अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) जिल्ह्यात, विशेषतः नेवासे, राहुरी, शेवगाव व पारनेर या तालुक्यांत आढळते. तेथे अमेरिकन मराठी मिशनने एकोणिसाव्या शतकात हे काम उभे केले. वसई परिसरातील कॅथलिक परंपरा पोर्तुगीज काळातील आणि वेगळ्या घडणीची असल्यामुळे तिचा विचार येथे केलेला नाही.

‘मंडळी’ हा शब्द मराठी प्रॉटेस्टंटांत इमारतीसाठी नव्हे, तर बाप्तिस्मा घेतलेल्या व प्रभुभोजनात (येशूच्या स्मरणार्थ भाकर व द्राक्षरस घेण्याच्या विधीत) एकत्र येणाऱ्या माणसांसाठी वापरतात. इमारतीला चर्च किंवा उपासनामंदिर म्हणतात. हा भेद लक्षात न घेतल्यास जुन्या नोंदींचा अर्थ चुकतो. ‘अमुक गावी मंडळी स्थापन झाली’ असे लिहिलेले असते तेव्हा तेथे पुष्कळदा भिंतही उभी नसे. इमारत नंतर, कधी एका पिढीनंतर होई.

गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट हे अमेरिकन बोर्डाचे (मराठी मिशन चालवणाऱ्या अमेरिकेतील संस्थेचे) पहिले मिशनरी फेब्रुवारी १८१३ मध्ये मुंबईस पोहोचले. पुढच्या दोन-तीन वर्षांतच त्यांच्या शाळा सुरू झाल्या. या आरंभीच्या शाळांत शिकवणारे बहुधा हिंदू पंतोजी असत. पुस्तके मिशनची आणि शिक्षक गावचा, अशी ती व्यवस्था होती. डिसेंबर १८३१ मध्ये ॲलन ग्रेव्हज, विल्यम हर्वे व हॉलिस रीड हे अहमदनगरला आले. हर्वे पुढच्याच वर्षी पटकीने वारले. १८३३ मध्ये शहरात पहिली मंडळी स्थापन झाली. १८२७ मध्ये मुंबईस आलेल्या सिंथिया फरार १८३९ पासून अहमदनगरला राहिल्या व त्यांनी मुलींच्या शाळा चालवल्या. जोतीराव फुले यांनी या शाळा पाहिल्या होत्या हे त्यांच्या स्वतःच्या निवेदनावरून कळते. सावित्रीबाईंनी तेथेच अध्यापनाचे धडे घेतले, ही माहिती मात्र प्रामुख्याने चरित्रपरंपरेवर आधारलेली आहे. हेन्री बॅलंटाइन यांच्या संपादनाखाली १८४२ मध्ये अहमदनगरहून *ज्ञानोदय* हे नियतकालिक निघू लागले. खेड्यांतील कामाच्या इतिहासाचे ते आजही मोठे साधन आहे.

शाळा आधी की मंडळी आधी : या पद्धतीच्या उगमाविषयी सर्वांत जास्त वाद याच प्रश्नावर झाला आहे. कलकत्त्यात १८३० मध्ये अलेक्झांडर डफ यांनी आणि त्याच सुमारास मुंबईत जॉन विल्सन यांनी, या दोघा स्कॉटिश मिशनऱ्यांनी, उच्चवर्णीय मुलांसाठी इंग्रजी शिक्षणाचा मार्ग धरला. शिक्षणाने मने तयार करावी, मंडळी आपोआप मागून येईल, अशी त्यामागची धारणा होती. अमेरिकन बोर्डाचे सचिव रुफस अँडरसन यांचे मत याच्या नेमके उलट होते. मंडळी स्वशासित, स्वावलंबी व स्वप्रसारक असावी, तिचा पाळक (धर्मगुरू) तिच्यातलाच असावा आणि शाळा मंडळीच्या सेवेपुरती, मातृभाषेत व ख्रिस्ती शिक्षकाच्या हाती असावी, असे ते मानत. इंग्लंडमध्ये चर्च मिशनरी सोसायटीचे सचिव हेन्री व्हेन हेही साधारण याच विचारापर्यंत पोहोचले होते. पहिला विचार कोणाचा, यावर बरेच लिहिले गेले आहे. दोघे स्वतंत्रपणे तेथे आले, हेच मत जास्त ग्राह्य वाटते.

१८५४-५५ मध्ये अँडरसन आणि ऑगस्टस थॉम्पसन यांचे प्रतिनिधिमंडळ हिंदुस्थानात व सिलोनात आले. त्यांच्या भेटीनंतर सिलोनमधील बट्टिकोटा येथील नावाजलेले विद्यालय बंद झाले आणि अहमदनगरच्या मिशननेही इंग्रजी शिक्षणातून अंग काढून खेड्यांकडे मोर्चा वळवला. हरिपंत रामचंद्र खिस्ती व रामकृष्णपंत विनायक मोडक या दोघांना १८५४ मध्येच पाळकपदाची दीक्षा मिळाली होती. तेव्हा देशी पाळकाचा विचार अँडरसन यांनी बाहेरून आणून लादला, हे म्हणणे पुरते खरे नाही; तो अहमदनगरात आधीच रुजत होता. प्रतिनिधिमंडळाच्या धोरणाची किंमतही मोठी होती. इंग्रजी शाळा बंद झाल्याने ख्रिस्ती तरुणांची एक पिढी सरकारी नोकरीच्या वाटेपासून दूर राहिली. पुढे मिशनला हे धोरण सैल करावे लागले व १८८२ मध्ये अहमदनगरात मिशनचे हायस्कूल निघाले.

या दोन्ही मतांत कर्ता मिशनरीच आहे. दलित ख्रिस्ती इतिहासाच्या अभ्यासकांनी अलीकडे मांडलेले तिसरे मत त्याहून वेगळे आहे आणि जिल्ह्यातील नोंदींशी तेच अधिक जुळते. त्याप्रमाणे पहिले पाऊल महारवाड्यातून पडले. गोदावरीकाठच्या गावांतील महारांना वेसकरकी (वेशीची राखण), निरोप पोहोचवणे, सरकारी कामगारांबरोबर फिरणे ही कामे असत. गावोगावच्या नात्यागोत्यांतून बातमी लवकर पसरे. एका गावी मास्तर आला की शेजारचा महारवाडा ‘आम्हालाही मास्तर द्या’ म्हणून येई. मागणी शाळेची असे, आणि शाळेबरोबर मंडळी येई. दुष्काळात पोटासाठी लोक ख्रिस्ती झाले, असा आक्षेप नेहमी घेतला जातो. १८७६-७८ च्या दुष्काळानंतर बाप्तिस्म्यांची संख्या वाढली हे खरे. पण नेवासे-राहुरीकडील खेड्यांत मंडळ्या स्थापन होऊ लागल्या त्या १८५५ च्या सुमारास, म्हणजे त्या दुष्काळाच्या वीस वर्षे आधी. केवळ भुकेने हा क्रम उलगडत नाही. बाप्तिस्म्याने बलुते बुडण्याची व पाण्यावाचून अडवणूक होण्याची भीती होती, तेही हिशेबात धरले पाहिजे.

खोली व मास्तर : मंडळी-शाळेची इमारत म्हणजे बहुधा मातीच्या भिंतींची, धाब्याची एकच खोली. ती महारवाड्यात किंवा त्याच्या कडेला असे, कारण गावठाणात जागा मिळत नसे. सवर्ण मुले महारमांगांच्या मुलांबरोबर बसायला तयार नसत, त्यामुळे सर्वांसाठी उघडलेली शाळाही व्यवहारात वाड्याचीच शाळा होऊन बसे. सकाळी प्रार्थना, मग हजेरी, धुळाक्षरे किंवा पाटी, पाढे, वाचन आणि दहा आज्ञांचे पाठांतर, असा दिवस चाले. दिवसा गुरे राखणाऱ्यांसाठी आणि थोरांसाठी रात्रीची शाळा कंदिलाच्या उजेडात भरे. शनिवारी ती जमीन सारवली जाई आणि रविवारी त्याच बसकरांवर एका बाजूला पुरुष व दुसऱ्या बाजूला बायका उपासनेला बसत. फळ्यावर आठवड्यातले गणित असे त्याच जागी गीताचा क्रमांक लिहिला जाई.

मास्तर हाच उपदेशक. पाळक महिन्याकाठी एखाद्या वेळी येई, प्रभुभोजन व बाप्तिस्मा त्याच्याच हातून होई. बाकी सारा भार मास्तरावर. तो पत्रे वाचून दाखवी, अर्ज लिही, सावकाराच्या कागदावर अंगठा उठवण्यापूर्वी त्यात काय आहे ते समजावून सांगे. गावच्या दृष्टीने ही सेवा प्रवचनाहून कमी नव्हती. त्याच्या बायकोकडे मुलींना शिवण व वाचन शिकवणे, बायकांना बायबलातील गोष्टी सांगणे ही कामे असत. या कामाला वेगळा पगार क्वचितच असे आणि अहवालांत तिचे नावही क्वचितच येते. दोन सत्ता मास्तराला एकदम जाब विचारीत : मिशनरी मंडळीच्या वाढीबद्दल, आणि सरकारी तपासनीस मुलांच्या परीक्षेबद्दल.

जुलै १८५४ च्या वुडच्या खलित्याने (हिंदुस्थानातील शिक्षणाविषयीच्या सरकारी धोरणपत्राने) खासगी शाळांना अनुदानाचा मार्ग खुला झाला. धर्मशिक्षणाकडे सरकारने पाहायचे नाही, इतर विषयांची मात्र तपासणी करायची, अशी त्यातील भूमिका होती. बोर्ड हात आखडता घेत असतानाच सरकार हात पुढे करीत होते. खेड्यातील मिशनशाळा टिकल्या त्या याच योगायोगामुळे. मुंबई इलाख्यात पुढे निकालावर अनुदान ठरू लागले, तेव्हा शिकवलेला मास्तर हवा झाला आणि अहमदनगरात ख्रिस्ती अध्यापकांसाठी प्रशिक्षणाची सोय झाली.

कीर्तन व गीत : खेड्यातील उपासनेला मराठी वळण मिळाले ते गीतांतून. बॅलंटाइन यांनी मराठी स्तोत्ररचना केली. वडाळे (वडाळा बहिरोबा, ता. नेवासे) येथील सॅम्युएल फेअरबँक यांनी कीर्तनाला उत्तेजन दिले, ते पक्ष्यांचे व गोगलगायींचेही जाणकार होते. कृष्णाजी रत्नाजी सांगळे यांच्या ख्रिस्ती कीर्तनांचा आरंभ सामान्यतः १८६० नंतरच्या काही वर्षांत धरतात. टाळ, मृदंग आणि आख्यान यांचा उपयोग उपासनेत करावा की नाही, यावर मिशनऱ्यांत मतभेद होते, श्रोत्यांत नव्हते. फेब्रुवारी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेले नारायण वामन टिळक पुढे अहमदनगर व राहुरी येथे राहिले. त्यांच्या अभंगांनी व पदांनी हा प्रश्न कायमचा सोडवला. आज मराठी मंडळ्यांत वापरल्या जाणाऱ्या *उपासना संगीता*त त्यांच्या रचनांचा वाटा फार मोठा आहे. अक्षरओळख नसलेल्या बाईला ही गीते पाठ असतात; शाळा जेथे पोहोचली नाही तेथेही मंडळी पोहोचली ती त्यांच्यामुळे.

इतर रूपे : नवख्रिस्त्यांना गावातच ठेवायचे की त्यांचे वेगळे गाव वसवायचे, याबाबत सर्व मिशनांचे एकमत नव्हते. चर्च मिशनरी सोसायटीने नाशिकजवळ शरणपूर वसवले. गुलामगिरीतून सुटलेल्या आफ्रिकी मुलांनाही तेथे आसरा व धंदेशिक्षण मिळाले. स्कॉटिश मिशनचे नारायण शेषाद्री यांनी निजामाच्या राज्यात जालन्याजवळ बेथेल हे ख्रिस्ती गाव उभारले. त्यासाठी निजामाचे दिवाण सालारजंग यांच्याकडून जमीन मिळाली होती. १८९६-९७ च्या दुष्काळानंतर पंडिता रमाबाईंनी पुणे जिल्ह्यात केडगावला उभे केलेले मुक्ती मिशन हे चर्च, शाळा, छापखाना आणि शेती असलेले स्वतंत्र जगच होते. वेगळ्या वस्तीत माणूस सुरक्षित राही, पण गावाशी त्याचे नाते तुटे. अहमदनगरच्या मिशनने माणसे गावातच राहू दिली. त्यामुळे छळ जास्त सोसावा लागला. तरी मंडळ्या मुळासकट टिकल्या त्या याच जिल्ह्यात. कॅथलिक जेझुइटांनी १८७८ च्या सुमारास याच जिल्ह्यात काम सुरू केले. श्रीरामपूर तालुक्यातील हरिगाव येथील मतमाउलीची (येशूची आई मारिया हिची) यात्रा त्या परंपरेतील आहे.

विसावे शतक : खेड्यांतील मंडळ्यांचा संघ ‘ऐक्य’ या नावाने ओळखला जाई. त्याच्या वार्षिक सभेला गावोगावचे लोक अहमदनगरात जमत. पाळकांच्या नेमणुका, दशमांश (मंडळीला द्यायचा उत्पन्नाचा दहावा भाग), शाळांचे प्रश्न तेथे चर्चेला येत. १९३० नंतरच्या मंदीत परदेशी निधी आटला आणि एकशिक्षकी शाळा एकामागून एक बंद झाल्या किंवा लोकल बोर्डाकडे गेल्या. १९३५ मध्ये येवल्याला डॉ. आंबेडकरांनी धर्मांतराची घोषणा केली आणि महारवाड्यासमोर वेगळा मार्ग उभा राहिला. १९५० च्या अनुसूचित जातींविषयीच्या आदेशाने ख्रिस्ती झालेल्यांना त्या सवलतींतून वगळले. महाराष्ट्रात त्यांचा समावेश इतर मागासवर्गात होतो. या एका कलमाचा खेड्यातील मंडळीवर झालेला परिणाम खोल आहे : एकाच घरात कागदावरची नोंद एक आणि रविवारची उपासना दुसरी, असे घडू लागले.

राज्यघटनेच्या ३० व्या अनुच्छेदाने अल्पसंख्याकांना शाळा चालवण्याचा हक्क दिला. त्याचा लाभ प्रामुख्याने शहरातील व तालुक्याच्या गावच्या संस्थांना झाला. मराठी मिशनच्या मंडळ्या २९ नोव्हेंबर १९७० रोजी स्थापन झालेल्या उत्तर भारतीय चर्चमध्ये सामील झाल्या. आता खेड्यात शाळा जिल्हा परिषदेची आणि मंडळी आपल्या जागी, अशी विभागणी झाली आहे. एका पाळकाकडे बहुधा अनेक गावे असतात. तो ज्या रविवारी येत नाही, त्या रविवारी मंडळीतील एखादा जाणता गृहस्थ, पुष्कळदा निवृत्त शिक्षक, शास्त्रपाठ वाचतो, गीते सांगतो आणि उपासना चालवतो.