जठरपट्ट-समायोजनोत्तर वमन

जठरपट्ट-समायोजनोत्तर वमन : अतिस्थूलतेवरील उपचार म्हणून जठराच्या वरच्या टोकाला बांधलेला सिलिकोनचा पट्टा द्रव भरून आवळल्यानंतर खाल्लेले वर येण्याचा त्रास आणि त्यावरील उपाय. हा पट्टा ‘गॅस्ट्रिक बँड’ किंवा नुसता ‘बँड’ म्हणून ओळखला जातो आणि तो आवळण्याला ‘फिल’ म्हणतात. शीर्षकातला ‘वमन’ हा शब्द रूढ म्हणून ठेवला आहे. तो काटेकोर नाही. खऱ्या उलटीत लंबमज्जेच्या (मेंदूच्या तळाच्या भागाच्या) हुकमाने मध्यपटल (छाती व पोट यांमधील स्नायूचा पडदा) आणि पोटाचे स्नायू एकदम आकुंचन पावतात व जठरातील माल जोराने बाहेर पडतो. पट्टा असलेल्या व्यक्तीला होणारा त्रास बहुतेक वेळा असा नसतो. घास पट्ट्याच्या वरच अडतो, जठराच्या मुख्य पोकळीत पोचतच नाही आणि थोड्या वेळाने आला तसा परत येतो. त्याला आंबट वास नसतो, पित्त नसते. चिकट लाळ मात्र पुष्कळ असते. मराठी बोलीत ओकारी, उमासा, गुळणी आणि घास अडकणे हे प्रकार मुळातच वेगळे आहेत. रुग्णाच्या कागदांवर चौघांचे मिळून ‘उलट्या’ होते आणि उपाय ज्यावर ठरतो तो भेद तिथेच पुसला जातो.

रचना : पट्टा म्हणजे आतून फुगणारे सिलिकोनचे कडे. ते अन्ननलिका जठराला मिळते त्या जागेच्या किंचित खाली बसवतात. एका बारीक नळीने ते पोटाच्या भिंतीत, त्वचेखाली शिवलेल्या छोट्या डबीला जोडलेले असते. या डबीला ‘पोर्ट’ म्हणतात. पोर्टच्या पडद्यातून सुई घालून लवणद्राव (मिठाचे निर्जंतुक पाणी) भरला की कडे आतल्या बाजूने फुगते, काढला की सैल होते. पट्ट्याची पूर्ण धारणक्षमता प्रकाराप्रमाणे बदलते : जुन्या अरुंद पट्ट्यांत सुमारे ४ मिलि., नंतरच्या रुंद पट्ट्यांत १० ते १४ मिलि. त्यामुळे ‘तीन मिलि. भरले’ एवढ्या माहितीवरून पट्टा सैल की घट्ट हे कळत नाही. पट्टा कोणता, हे आधी माहीत असावे लागते.

उगम : या साधनाचा जनक कोण, याबद्दल एकवाक्यता नाही. जठराला बाहेरून बंध घालून त्याचा वरचा भाग वेगळा करण्याची कल्पना अमेरिकेत लॉरेन्स विल्किन्सन यांनी १९७८ च्या सुमारास अमलात आणली. त्यांनी मार्लेक्स या कृत्रिम जाळीची पट्टी वापरली. तिचा घेर कायमचा होता, एकदा बांधला की बांधला. असे न बदलता येणारे बंध पुढील काही वर्षांत इतरांनीही वापरून पाहिले. वमनाच्या दृष्टीने ते सर्वच गैरसोयीचे होते, कारण बंध जास्त आवळला गेला तर पुन्हा पोट उघडण्यावाचून मार्ग नसे. फुगवता येणारा पट्टा हे मुख्यतः या अडचणीला दिलेले उत्तर होते.

ते उत्तर तीन ठिकाणी जवळजवळ एकाच काळात सापडलेले दिसते. ऑस्ट्रियात गेरहार्ड सिनिट्स यांनी १९८२ च्या सुमारास समायोज्य पट्ट्याचे प्रयोग प्राण्यांवर केले. स्वीडनमध्ये डाग हालबर्ग आणि पेटर फोर्सेल यांनी १९८५ च्या सुमारास स्वतःचा पट्टा विकसित केला. तो ‘स्वीडिश पट्टा’ म्हणून प्रसिद्ध झाला. मूळचे युक्रेनचे आणि न्यू जर्सीत काम करणारे ल्युबोमिर कुझ्माक १९८३ पासून न बदलणारा सिलिकोन पट्टा वापरत होते. १९८६ पासून ते फुगवता येणारा पट्टा बसवू लागले आणि त्यांच्या पट्ट्याचे अमेरिकी एकस्वही (पेटंटही) त्याच वर्षीचे आहे. अमेरिकी लेखनात सरसकट कुझ्माक यांचे नाव येते, तर युरोपीय लेखनात स्वीडिश गटाला बरोबरीचे किंवा थोडे आधीचे स्थान मिळते. कल्पनेच्या अग्रक्रमाचाच प्रश्न असेल, तर सिनिट्स यांचा दावा सहज बाजूला सारता येण्याजोगा नाही. मात्र पुढे प्रचारात आलेल्या पट्ट्यांची वंशावळ कुझ्माक आणि स्वीडिश गट या दोघांकडेच जाते. या दोन्ही पट्ट्यांची घडण स्वतंत्रपणे झाली, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेशी पट्ट्याची गाठ पडली ती १९९२–९३ मध्ये. १९९२ मध्ये ऑस्ट्रेलिया, इटली व बेल्जियम या देशांतून दुर्बिणीने पट्टा बसवल्याचे दाखले मिळतात, परंतु त्यांतील काही पट्टे न बदलणारे होते. खास दुर्बिणीसाठी घडवलेला समायोज्य पट्टा इथिओपियात जन्मलेले शल्यविशारद मितिकु बेलाश्यू यांनी बेल्जियममधील ह्वी या गावी १ सप्टेंबर १९९३ रोजी प्रथम बसवला. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ‘लॅप-बँड’ला जून २००१ मध्ये मान्यता दिली. ‘रिअलाइझ’ या नावाने स्वीडिश परंपरेतील पट्ट्याला ती २००७ मध्ये मिळाली.

पट्टा कोणत्या वाटेने जठराभोवती न्यायचा, हा तपशील वरकरणी शल्यशास्त्राचा असला तरी वमनाशी त्याचा थेट संबंध आहे. आरंभीच्या पद्धतीत पट्टा जठराच्या भिंतीला चिकटून नेत. जठराची मागची बाजू मोकळी राहत असल्याने ती पट्ट्याखालून वर सरकण्याचे प्रमाण अधिक होते. नंतर लघू वपाजालाच्या (यकृत व जठर यांना जोडणाऱ्या पडद्याच्या) पातळ भागातून वाट काढण्याची पद्धत आली. तिने हे सरकणे बरेच कमी झाले. म्हणून जुन्या पट्ट्याच्या रुग्णाला नव्याने ओकाऱ्या सुरू झाल्या, तर शस्त्रक्रिया कोणत्या पद्धतीने झाली होती हे विचारावे.

घास का परततो : पट्ट्यामुळे वर एक छोटी पिशवी तयार होते, ती चटकन भरते आणि भरली की पोट भरल्याचे वाटते, हे जुने स्पष्टीकरण. माहितीपत्रकांत ते अजून आढळते. त्यानुसार वमन म्हणजे भरलेल्या भांड्याचे ओसंडणे. हे चित्र आता टिकत नाही. पिशवी आरंभी २५ मिलि. इतकी ठेवत, पुढे ती जवळजवळ नावापुरतीच उरली, तरीही पट्टा काम करीतच राहिला. मेलबर्न येथील मोनॅश विद्यापीठात पॉल बर्टन, वेंडी ब्राउन व पॉल ओब्रायन यांनी अन्ननलिकेतील दाब मोजून केलेल्या अभ्यासांतून वेगळे चित्र पुढे आले. नीट समायोजित पट्ट्याच्या जागी साधारण २० ते ३० मिमी. पारा इतका दाब असतो. अन्ननलिकेचा क्रमसंकोच (वरून खाली सरकत जाणारे आकुंचन) घासाला या अरुंद जागेतून थोडा थोडा पिळून काढतो. एका घासासाठी दोन ते सहा वेळा असे पिळणे होते आणि त्याला एक मिनिटापर्यंत वेळ लागू शकतो. दर पिळण्याबरोबर तेथील चेतातंतूंवर दाब येतो व प्राणेशा तंत्रिकेमार्फत (जठराकडून मेंदूकडे जाणाऱ्या ‘व्हेगस’ मज्जातंतूमार्फत) तृप्तीची जाणीव होते, असे या गटाचे म्हणणे. तृप्तीच्या भागाबद्दल मतभेदाला जागा आहे. घास कसा सरकतो, या भागाबद्दल फारशी नाही.

या चित्रातून त्रासाचा उलगडा सरळ होतो. पहिला घास पट्ट्याखाली गेलेला नसताना दुसरा, तिसरा वरून आला की ते अन्ननलिकेच्या तळाशी साचतात. छातीच्या मध्यभागी दडपण येते, पाठीत कळ जाते. अन्ननलिका ताणली गेल्याने लाळग्रंथी प्रतिक्षेपाने लाळ सोडू लागतात. ही लाळही खाली उतरत नाही. तीच फेस बनून वर येते. इंग्रजी भाषिक रुग्णांनी या प्रकाराला ‘स्लाइमिंग’ आणि घास परतण्याला ‘पीबी’ (प्रॉडक्टिव्ह बर्प, म्हणजे घासासह येणारी ढेकर) अशी नावे दिली आहेत व ती वैद्यकीय लेखनातही शिरली आहेत.

समायोजन : पहिले समायोजन शस्त्रक्रियेनंतर चार ते सहा आठवड्यांनी करतात. पोर्टचा पडदा कातरला जाऊ नये म्हणून ह्यूबर जातीची, टोक वळवलेली सुई वापरतात. नंतर रुग्णाला सरळ बसवून पाण्याचे घोट देतात. पाणी विनासायास उतरले तरच त्याला घरी सोडतात. युरोपातील अनेक केंद्रे बेरियम पाजून क्ष-किरणाखाली घट्टपणा ठरवीत. ऑस्ट्रेलियात लक्षणे विचारून दवाखान्यातच तो ठरवण्याचा प्रघात पडला. मेलबर्नच्या शल्यवैद्यांनी त्यासाठी पिवळा, हिरवा व लाल असे तीन टप्पे मानले. भूक लागते व मोठे जेवण जाते तो पिवळा, थोडक्यात समाधान होते तो हिरवा. घास अडणे, छातीत जळजळ, रात्रीचा खोकला आणि वजनाची घट थांबणे ही लाल टप्प्याची खूण. यांतली शेवटची गोष्ट रुग्णांना पटत नाही. पट्टा जितका घट्ट तितके वजन लवकर उतरेल, हा समज पक्का असतो. प्रत्यक्षात पोळी, भाजी, मांस उतरेनासे झाले की माणूस आइस्क्रीम, मिल्कशेक, चॉकलेट अशा सहज उतरणाऱ्या उष्मांकांकडे वळतो. उलट्याही चालू आणि वजनही वाढते, अशी स्थिती होते. तिथे पट्टा सैल करणे हाच उपचार आहे.

तात्कालिक उपाय : समायोजनानंतर एक-दोन दिवस द्रव आहार, मग मऊ, मग नेहमीचा, असा क्रम सांगतात, दिवसांची संख्या केंद्रागणिक बदलते. या काळात पट्ट्याखालच्या ऊतींना थोडी सूज असू शकते. सकाळी पट्टा अधिक घट्ट भासतो, असे अनेक रुग्ण सांगतात, म्हणून दिवसाची सुरुवात कोमट पेयाने करावी. घास अडल्यास खाणे तत्क्षणी थांबवावे, उभे राहावे किंवा सावकाश चालावे आणि वाट पाहावी. पाण्याने घास ‘ढकलण्याची’ आपली उपजत सवय इथे उलटते, कारण पाणी वरच साचते व दडपण वाढते. बोटे घालून ओकारी काढू नये. घास परतला वा उतरला तरी पुढचे सुमारे चोवीस तास द्रवपदार्थच घ्यावेत, कारण सुजलेल्या जागी दुसरा घास लगेच अडतो आणि हे चक्र सुरू राहते. अडलेले मांस विरघळवण्यासाठी पपईतील पपेन घेण्याचा सल्ला जुन्या लेखनात आढळतो. पपेनने अन्ननलिकेला भोक पडल्याच्या घटना नोंदलेल्या असल्याने तो सल्ला आता मागे पडला आहे.

मऊ पाव, तंतुमय मांस, चिकट भात, संत्र्याच्या फोडींवरील साल हे अडकणारे नेहमीचे पदार्थ. कोरडी भाकरी, पोळीचा मोठा तुकडा आणि न चावलेली शेवग्याची शेंग यांचा समावेश मराठी घरात त्याच यादीत करावा लागेल. मेलबर्नच्या सूचना अशा : जेवण अर्ध्या कपाएवढे, घास लहान, चावणे भरपूर आणि दोन घासांत मिनिटभर अंतर. मोठ्या गोळ्या अडकतात, म्हणून शक्य तिथे पातळ औषध घ्यावे. सावकाश विरघळणाऱ्या गोळ्या कुटून घेऊ नयेत. दिवसभराची मात्रा एकदम अंगात जाते.

धोक्याची चिन्हे : आठवड्यातून क्वचित एखादा घास परतणे आणि पाणीसुद्धा न उतरणे यांत गुणात्मक फरक आहे. पाणी वा स्वतःची लाळही उतरत नसेल, तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता पट्टा सैल करून घ्यावा लागतो. पट्टा सैल केल्यावरही पोटदुखी राहिली, नाडी जलद झाली किंवा ताप आला, तर जठर पट्ट्यातून वर सरकले असण्याची शक्यता असते. अडकलेल्या भागाचा रक्तपुरवठा तुटू शकतो. साध्या क्ष-किरण चित्रात पट्टा पाठीच्या कण्याशी तिरका, ४ ते ५८ अंशांच्या कोनात दिसतो. कोन त्याहून मोठा झाला किंवा पट्टा कड्यासारखा गोल दिसू लागला, तर तो सरकला असे समजतात. जोराच्या, वारंवार होणाऱ्या ओकाऱ्या हे सरकण्याचे लक्षण असतात तसे कारणही असू शकतात. रात्री तोंडातून उशीवर पाणी येणे व खोकल्याने जाग येणे म्हणजे अन्न श्वासमार्गात जाऊ लागले आहे. या दोन तक्रारी रुग्ण बहुधा आपण होऊन सांगत नाही, विचाराव्या लागतात.

दीर्घकाळ वमन चालल्यास ब१ जीवनसत्त्वाची उणीव होते. त्याचा शरीरातील साठा दोन-तीन आठवड्यांचाच असतो. त्याच्या अभावी होणाऱ्या मेंदूच्या विकाराचे वर्णन कार्ल व्हेर्निके यांनी १८८१ मध्ये केले. हा विकार दारूशी जोडला जातो. पण त्यांच्या मूळच्या तीन रुग्णांपैकी एक, गंधकाम्ल प्यायल्यानंतर सतत वमन होऊ लागलेली तरुण शिवणकाम करणारी बाई होती. पट्ट्याच्या रुग्णाशी तिचे साम्य ध्यानात घेण्याजोगे आहे. डोळ्यांच्या हालचाली बिघडणे, चालताना तोल जाणे व गोंधळल्यासारखे वागणे ही लक्षणे. उलट्या होणाऱ्याला आधी ग्लुकोजची बाटली लावण्याची सवय इथे घातक ठरू शकते. ब१ आधी, ग्लुकोज नंतर.

गरोदरपणातील ओकाऱ्या अधिक असल्यास पट्टा सैल करतात व प्रसूतीनंतर पुन्हा समायोजित करतात.

प्रसार : अमेरिकेत २०११ च्या सुमारास स्थूलतेवरील शस्त्रक्रियांपैकी सुमारे एक तृतीयांश पट्ट्याच्या होत्या, दशक संपेपर्यंत हे प्रमाण एक टक्क्याच्या आसपास आले. भारतातही जठराची उभी नळी करणाऱ्या ‘स्लीव्ह’ शस्त्रक्रियेने त्याची जागा घेतली. त्यामुळे परदेशात पट्टा बसवून आलेला रुग्ण ओकाऱ्यांची तक्रार घेऊन जिल्ह्याच्या ठिकाणी आला, तर समायोजनाची सवय असलेला वैद्य जवळ असेलच असे नाही. पोर्ट बहुधा पोटाच्या भिंतीवर चाचपून सापडतो. ह्यूबर सुई नसल्यास तातडीच्या प्रसंगी साधी बारीक सुई चालते. निर्जंतुक काळजी घेऊन पट्ट्यातला सर्व द्रव काढावा, किती मिलि. निघाला ते लिहून ठेवावे आणि रुग्णाला बसवून पाण्याचा घोट द्यावा.